भाऊबंद शोधायचेत? आधी माणसं, मग कागद

वाचकाचं पत्र: "आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. आपलं मूळ चंदगडकडचं असं घरात सांगतात, पण गावाचं नाव काका एक सांगतात आणि आत्या दुसरंच. आजोबांचे धाकटे भाऊ गिरणीत नोकरीला मुंबईला गेले. 1982 च्या संपानंतर त्यांच्याकडून पत्रं यायची थांबली. आजोबांची बहीण हुक्केरीकडं दिली होती, तिच्या घरचे आता कानडीच बोलतात असं ऐकते. आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा दोन वर्षांवर आली आहे. तोवर वंशावळ लावून ह्या सगळ्यांना बोलवायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? हेळवी (गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ सांगणारे) सांगतात ते खरं धरावं का? डीएनए तपासणीचा उपयोग होईल का? आणि काका म्हणतात, 'कशाला उकरून काढतेस, लोकांना वाटेल वाटा मागायला आलीस.' त्यांना काय सांगू?"

ताई, आधी काकांच्या शंकेचं बघू. ती रास्त आहे आणि तिला बगल देऊन पुढं जाता येणार नाही. आपल्या भागात घराची वंशावळ कागदावर उतरते ती बहुधा तलाठ्यासमोर, कोणी वारल्यावर, वारसा लावताना. त्यामुळं अनोळखी पाहुणी दारात येऊन "तुमच्या आजोबांना भाऊ किती होते?" असं विचारू लागली की घरच्यांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा सर्व्हे नंबर उभा राहतो. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, म्हणून लेकीकडचं माणूस चौकशीला आलं तर घर आणखीच सावध होतं. "आम्हाला काही नको हो" एवढं म्हणून ही भीती जात नाही. तुमच्या वागण्यातून ते दिसावं लागतं.

म्हणून क्रम उलटा करू नका. उतारे काढून, पिशवीत घालून पाहुण्यांकडं जाऊ नका. आधी माणसांना भेटा, त्यांचं ऐका, तुमच्याकडचे फोटो-नावं त्यांना द्या. कागद नंतर, आणि जमलं तर त्यांच्याच सोबत बसून. कामाच्या दृष्टीनंही हाच क्रम बरोबर आहे. गाव पक्कं नाही, पणजोबांचं नाव पक्कं नाही, अशा वेळी कुठल्याही कचेरीत गेलात तरी "सर्व्हे नंबर सांगा" एवढंच ऐकून परत यावं लागेल. आणखी एक गोष्ट कटाक्षानं पाळा: कोणाकडूनही वंशावळीवर सही किंवा अंगठा घेऊ नका. सही केलेली वंशावळ उद्या दाव्यात पुरावा म्हणून पुढं येऊ शकते, हे गावातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. एखाद्या घराशी दावा चालूच असेल, तर तो निकाली निघेपर्यंत ती शाखा पेन्सिलनं लिहून बाजूला ठेवा. काकांना हे नियम सांगा आणि पहिली मुलाखत त्यांचीच घ्या.

काका आणि आत्या यांना मात्र एकत्र बसवू नका. दोघं समोरासमोर आले की वडीलधारा बोलतो, दुसरा मान हलवतो, आणि दोन वेगळ्या आठवणींची एकच होऊन बसते. तुम्हाला दोन्ही हव्या आहेत. गावाची दोन नावं निघाली म्हणून एक खोटं असं लगेच धरू नका. एक मूळ गाव आणि दुसरं मधल्या मुक्कामाचं, किंवा पणजीचं माहेर, असं पुष्कळदा निघतं. प्रश्नातून उत्तर सुचवू नका. "आपण अमुक गावचे ना?" असं विचारलंत की "हो" येणारच. त्याऐवजी हे विचारा: आपल्या घरात कोणी गेलं की पहिला सांगावा कुठं जायचा? कोणत्या घराचं सुतक आपण पूर्ण दहा दिवस धरतो? कोणत्या घराशी आपली सोयरीक होत नाही, आणि का? लग्नात देवक कसलं? नवरा-नवरी जोडीनं कुठल्या देवाला जातात? आडनाव वेगळं असूनही ज्यांचं सुतक धरलं जातं आणि ज्यांच्याशी सोयरीक होत नाही, ते तुमचे भाऊबंद. आडनाव एक, पण कुलदैवत आणि देवक वेगळं, तर फक्त नावाची जुळणी. पाटील, देसाई, कुलकर्णी ही तर वतनं आहेत. शेजारच्या दोन गावांतले दोन पाटील एकमेकांचे कोणी लागत नसतील.

साल विचारून मिळत नाही. प्रसंग विचारा. "प्लेगात गाव शिवारात राहायला गेलं तेव्हा आजोबा जन्मले होते का?" आपल्याकडं प्लेगचा पहिला फेरा 1897 च्या सुमारास आला आणि पुढं बरीच वर्षं येत राहिला. 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ), गांधीहत्येनंतरची 1948 ची जाळपोळ, 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते वर्ष, 1972 चा दुष्काळ: ह्या खुणांच्या आधीचं की नंतरचं, एवढं ठरलं तरी पुरे. मग एक ढोबळ हिशेब लावून बघा. एका पिढीला साधारण 25 ते 30 वर्षं. बाप आणि मुलगा यांत 60 वर्षांचं अंतर निघालं तर मध्ये एक माणूस गळलाय असं समजून पुन्हा विचारा. आपल्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळं सातेरी भरमा, त्याचा मुलगा भरमा सातेरी, त्याचा पुन्हा सातेरी भरमा अशी माळ लागते आणि सांगणारा नकळत दोन पिढ्या एकात घालतो. अशा ठिकाणी प्रत्येकाच्या बायकोचं नाव आणि तिचं माहेर विचारा. त्यावरून दोन सातेरी वेगळे होतात.

मग घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. लोक सहसा फोटो शोधतात, पण सगळ्यांत कामाची असते आहेराची वही. लग्नात कोणी काय दिलं, ते नाव-गाव घालून ओळीनं लिहिलेलं असतं: कोणी अकरा रुपये, कोणी लुगडं, कोणी भांडं. आजोबांच्या काळच्या वहीत हुक्केरीकडचं एखादं गाव दिसलं, की तीच तुमच्या आजोबांच्या बहिणीची वाट. पुढच्या वहीत तेच नाव आलंय की गळलंय, हे पाहिलंत तर येणं-जाणं कधी तुटलं तेही कळेल. जुन्या लग्नपत्रिकांच्या तळाशी निमंत्रकांची नावं असतात, मामाकडचीही असतात. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरचा खालचा तुकडा कोणी जपला असेल तर त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मिळतो: खोली, मजला, चाळ. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असेल तर तो कुठल्या शहरातला हे लिहून ठेवा. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा, वही ज्याची त्याला परत करा.

आता मूळ गाव. तुमचं आडनाव "कर"मध्ये संपणारं असेल, तर त्या गावात जाऊन तेच आडनाव शोधू नका. उचगावकर, किणेकर, येळ्ळूरकर, सांबरेकर ही नावं गाव सोडलेल्यांना दुसऱ्या गावात मिळाली. उचगावात राहिलेला भाऊ उचगावकर कशाला म्हणवून घेईल? तो आपल्या जुन्याच आडनावानं तिथं असतो. म्हणून गावात गेल्यावर विचारायचं ते असं: "इथून खानापूरकडं गेलेलं कुठलं घराणं? त्यांची भावकी कोणाकोणात आहे?" विचारायची जागा म्हणजे देवळाचा गुरव आणि गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. बाहेरगावी गेलेल्या कोणत्या घराचा नारळ आणि ओटी अजून येते, हे गुरवाला माहीत असतं. देवळाचा जीर्णोद्धार झाला असेल तर भिंतीवरचा देणगीदारांचा फलक पुरा वाचा. "मुंबईकर" म्हणून वेगळी यादी बहुतेक ठिकाणी असते आणि त्यात तुमच्या चुलत आजोबांच्या मुलाचं नाव असण्याची शक्यता चांगली आहे. गाव हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलं असेल, तर त्याच नावाची पुनर्वसन वसाहत शोधा. देव आणि गुरव सहसा तिकडंच गेलेले असतात. कुलदैवत जोतिबा किंवा तुळजाभवानी असेल तर तिथं गावांचे आणि घराण्यांचे पुजारी ठरलेले असतात. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यांच्या चोपड्यांत पूर्वी येऊन गेलेल्यांची नावं मिळतात. तिथं जात, आडनाव आणि मूळ गाव ह्या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात, म्हणून गाव पक्कं झाल्यावरच जा. गोव्याहून वर आलेल्या सारस्वत घरांनी आपल्या देवस्थानच्या महाजनांची यादी पाहावी.

हेळव्यांबद्दल विचारलंत. हेळवी हा आपल्या भागाचा मोठा ठेवा आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. पूर्वी बैलावरून यायचे, आता गाडीवरून येतात. सुगी झाल्यावर आपापल्या वाट्याच्या गावांत फिरतात, घराण्याची वंशावळ म्हणतात, नवं मूल वहीत चढवतात आणि धान्य-पैसा घेतात. त्यांची घरं त्यांच्यात वाटलेली असतात, म्हणून कुठलाही हेळवी चालत नाही. तुमच्या भावकीचा हेळवी कोणत्या गावचा, हे मूळ गावात विचारा. त्याच्या वहीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या बऱ्याच भरवशाच्या असतात. त्याच्या मागचं, एखाद्या राजघराण्यापर्यंत किंवा दूर देशापर्यंत जाणारं जे असतं, ते वेगळ्या पानावर उतरवा आणि दुसरा आधार मिळेपर्यंत झाडात घालू नका. पारख करायची सोपी रीत आहे. तुम्ही आधी एकही नाव सांगायचं नाही, त्याला वाचू द्यायचं. आजोबांच्या भावंडांचा क्रम आणि लहानपणी गेलेलं मूल बरोबर आलं, तर वही खरी. बायकांची नावं तिथं क्वचितच मिळतील. पण एक गोष्ट दुसरीकडं कुठंच मिळत नाही, ती म्हणजे कोणतं घर उठून कुठल्या गावी गेलं. त्याला तिथंही मागायला जायचं असतं, म्हणून तो ते विसरत नाही. तेवढं अवश्य विचारा. बिदागी आधी ठरवा, वहीचा फोटो विचारूनच काढा, नाही म्हणाला तर आवाज रेकॉर्ड करण्याची परवानगी मागा.

गाव आणि तीन पिढ्यांची नावं हाती आली की कागदांकडं वळा. इथं सीमेची अडचण खरी जाणवते, कारण एकाच घराचे कागद कोणत्या काळी कोणाच्या राज्यात होते त्यावर ते आज कुठं सापडतील हे ठरतं. चंदगड तालुका 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तेव्हा आजोबांच्या दाखल्यावर "ता. चंदगड, जि. बेळगाव" असं दिसलं तर ती चूक नाही. त्याआधीचा जिल्ह्याच्या पातळीवरचा कागद कोल्हापुरात मिळाला नाही तर बेळगावात चौकशी करायची. शहापूर आज बेळगावचाच भाग, पण 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. तुमच्या प्रत्येक गावापुढं 1948 आधी, 1956 आधी आणि आज असे तीन रकाने आखा आणि भरा. निम्म्या खेपा वाचतील.

खानापूरच्या जमिनीपासून सुरू करा, कारण तिथला सर्व्हे नंबर तुमच्या घरात आहे. कर्नाटकाच्या "भूमी" ह्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर पहाणी (तिकडचा सातबारा) काढलीत की नवव्या रकान्यात मालकाचं नाव आणि दहाव्यात ते कशानं आलं त्याचा नोंद क्रमांक असतो. पहाणीपेक्षा तो क्रमांक मोलाचा. त्यावरून मागची नोंद, तिच्यावरून आणखी मागची, असं चालत जायचं. संगणकावरच्या नोंदी साधारण 2000 नंतरच्या. त्याआधीच्या हातानं लिहिलेल्या डायरीची नक्कल तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून मिळते. अर्जात गाव, होबळी (तालुक्याचा महसुली भाग), सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नोंद क्रमांक लिहा. "आजोबांच्या सगळ्या नोंदी" असं लिहिलेला अर्ज पडून राहतो. चंदगडकडं हेच काम सातबारा आणि फेरफारावरून चालतं.

अशी नोंद कशी वाचायची त्याचा एक नमुना, नावं कल्पित: "खातेदार भरमा सातेरी मयत. वारस मुलगे 1) सातेरी भरमा वय 30, 2) नागाप्पा भरमा वय 16 अ.पा.क. आई गंगूबाई. सातेरी भरमा ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल. इतर हक्कात विवाहित मुलगी बायाक्का." चार ओळींत केवढं आहे बघा. भरमा कधी गेले ते नोंदीच्या तारखेवरून, मुलांची जन्मसालं वयावरून. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: धाकटा अजून सज्ञान नव्हता आणि आई हयात होती. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: पुढच्या उताऱ्यांत फक्त थोरल्याचं नाव दिसेल आणि धाकटा नाहीसा झाल्यासारखा वाटेल. तो गेलेला नसतो, थोरल्याच्या नावामागं असतो. मुंबईला गेलेले बहुतेक चुलत आजोबा उताऱ्यातून असेच दिसेनासे झालेले आहेत. आणि बायाक्का: तिचं नाव मालकाच्या रकान्यात शोधलंत तर सापडणार नाही, इतर हक्कात सापडेल. पहाणीवर तो अकरावा रकाना.

कुळकायद्याचा अर्ज घरात झाला असेल तर तोही बघा. कर्नाटकात 1974 नंतर फॉर्म नंबर 7 भरून लँड ट्रिब्युनलकडं दिले गेले, आणि वाद झाला असेल तर फायलीत जबाब आणि वंशावळी असतात. पाटीलकीसारखी वतनदारी असेल तर ती वतनं कर्नाटकात 1961 च्या कायद्यानं गेली, त्या वेळच्या जमीन परत देण्याच्या प्रकरणांतही भावकीची पूर्ण मांडणी मिळते. वाटणीपत्र आणि दत्तकपत्र सब-रजिस्ट्रारकडं. दत्तक विसरू नका. एका घरचा मुलगा दुसऱ्या घरी दत्तक गेला की त्याचं बापाचं नाव आणि कधी कधी आडनावही बदलतं, आणि मग "हा माणूस गेला कुठं?" म्हणून लोक गोंधळत बसतात. घरजावयांचंही तसंच.

नाडकचेरीतून (कर्नाटकातली होबळीची महसूल कचेरी) मिळणारा वंशवृक्षाचा दाखला ह्या कामासाठी काढू नका. तो वारसासाठी असतो, अर्जदाराच्या सांगण्यावर आणि पंचनाम्यावर बनतो, आणि तो मागायला गेलात की काकांची भीती खरी ठरल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते. शाळेचं जनरल रजिस्टर मात्र जरूर बघा. जन्मगाव, बापाचं नाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, हे सगळं एका ओळीत असतं. त्यातली जन्मतारीख 1 जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. नाव घालताना गुरुजींनी सोयीनं टाकलेली ती तारीख आपल्या भागात हजारो माणसांची आहे.

जुना कागद मोडीत निघाला तर घाबरू नका. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळं अंदाजानं वाचायला जाऊ नये. जाणकाराला आधी एकच पान द्या, दर पानावर ठरवा, आणि त्यानं केलेल्या लिप्यंतरात जिथं शंका असेल तिथं खूण करायला सांगा. तीन शब्द तुम्हीही लक्षात ठेवा: "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. जुन्या सालावरून इसवी सन काढायचे हिशेब असे: फसली सनात 590 मिळवा, शुहूर सनात 599, शकात 78. फसली आणि शुहूर दोन्ही मृगाला सुरू होतात, म्हणून फसली 1320 म्हणजे जून 1910 ते जून 1911. जानेवारी ते मे मधली नोंद असेल तर आणखी एक वर्ष मिळवा. घर मराठा-कुणबी असेल तर कोल्हापूर जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 2023 पासून चढवलेल्या कुणबी नोंदी तालुका-गावानुसार चाळून बघा, त्यात मोडी पानंही आहेत. आणि घरातलं कोणी महायुद्धात पलटणीत जाऊन परत आलं नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. पैसे पडत नाहीत. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा, आणि चंदगडचा माणूस बेळगावखाली शोधा.

मुंबईची शाखा. मनीऑर्डरवरचा पत्ता मिळाला तर जुनं नाव आजच्या नावाशी लावून घ्या. डिलाइल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळींचं पुनर्विकासाचं काम सुरू आहे, त्यामुळं खोलीवर माणूस नसेल, पण शेजारी कुठं हलवले हे चाळीतली मंडळं सांगतात. पत्ता नसेल तर गावच्या खोलीचा माग काढा. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, खानापूरकडच्या कित्येक गावांच्या गिरणगावात खोल्या होत्या, नवा आलेला माणूस तिथंच उतरायचा, आणि त्यांची ग्रामस्थ मंडळं अजून हळदीकुंकू नाहीतर सत्यनारायण करतात. मंडळाच्या सेक्रेटरीला चुलत आजोबांचं नाव, गिरणीचं नाव आणि खातं (साचा, रिंग, जे घरात सांगत असतील ते) कळवा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडानं काढलेल्या सोडतींच्या याद्याही पाहण्यासारख्या आहेत, कामगार हयात नसेल तर अर्ज वारसानं केलेला असतो. संपानंतर पत्रं थांबली याचा अर्थ मनं तुटली असा लावू नका. पगार बंद झालेल्या माणसाला गावाला पत्र लिहिणंही जड जातं. पहिल्या फोनवर "इतकी वर्षं कुठं होता" हा प्रश्न विचारू नका.

हुक्केरीकडं तुमचं काम सोपं आहे, लोकांना वाटतं त्याहून कितीतरी सोपं. भावकीत वाटणीचा डंख असतो, बहिणीच्या घरात तो नसतो. त्या घराला तुमचं घर म्हणजे आजीचं माहेर. अडचण येते ती नावांची. लग्नात बहिणीचं नाव बदललं असेल तर माहेरचं नाव तिकडं नातवंडांना माहीतच नसतं, म्हणून दोन्ही नावं घेऊन जा. आडनावही कानडी कागदात वेगळं दिसतं: चौगुल्यांचं चौगला, सुताराचं बडिगेर, परिटाचं मडिवाळ, लोहाराचं कम्मार. "ख, घ, ध, भ" कानडी नोंदीत कधी "क, ग, द, ब" होतात, म्हणून जाधव जादव म्हणूनही शोधा. कानडी येत नसलं तर दोन प्रश्न तोंडपाठ करा. "निम्म मने देवरु यारु?" म्हणजे तुमचं कुलदैवत कोणतं. "निम्म अज्जी तवरमनी याव ऊररी?" म्हणजे तुमच्या आजीचं माहेर कुठलं. ह्या दुसऱ्या प्रश्नाला घरातली एखादी सून तुमच्या गावाचं नाव घेईल, मग पुढची बोलणी आपोआप होतात. भाषा बदलली याची खंत तिथं बोलून दाखवू नका. त्या घरानं आपली बहीण सांभाळली आहे.

डीएनए तपासणीवर आज पैसे घालू नका. जुळणी होते ती तपासणी केलेल्या माणसांशीच, आणि आपल्या गावांतून ती केलेले लोक फार थोडे. त्यात आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत असल्यानं नातं आहे त्याहून जवळचं दिसतं. हीच रीत झाडातही घोळ घालते, कारण एकच बाई आत्याही असते आणि सासूही. म्हणून प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या, एक माणूस एक पान, आणि तो दोन ठिकाणी आला तर क्रमांक तोच ठेवा. पानावर नाव, उर्फ नाव, बायकांचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव, जन्म, मृत्यू, गाव, आणि "कोणी सांगितलं, कधी". हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात आणि वर्षभरानं दोन माहिती भांडू लागल्या की हात चोळत बसतात. संगणकावर करायचं तर ग्रॅम्प्स हा फुकट प्रोग्राम आहे, देवनागरीत नावं घेतो.

शोधताना दुखऱ्या गोष्टीही निघतील: टाकलेली बायको, जातीबाहेरचं लग्न, यल्लम्माला सोडलेली मुलगी. ह्या बायकांची नावं आजवर गाळली गेली, ती तुमच्या मूळ प्रतीत असलीच पाहिजेत. पण सगळ्यांत वाटायच्या प्रतीत त्यांच्या जवळच्या माणसांना विचारल्याशिवाय काही छापू नका. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि मोबाइल नंबर व्हॉट्सअॅपच्या पीडीएफमध्ये घालू नका. फसवणूक करणाऱ्याला तेवढी माहिती पुरते.

पहिला निरोप लहान असावा. असा चालेल: "नमस्कार. मी खानापूरहून बोलते. माझे आजोबा आणि तुमचे आजोबा सख्खे भाऊ, असं आमच्या घरात सांगतात. तुमच्या आजोबांचा एक फोटो आमच्याकडं आहे, तो तुम्हाला द्यायचा आहे. कधी आलेलं चालेल?" द्यायला काहीतरी असलं की बोलणं मागण्याकडं वळत नाही. पहिल्या भेटीला काकांना किंवा आत्याला सोबत न्या, वही बाहेर काढू नका, घरी येऊन आठवेल ते त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या भेटीला झाडाचा मोठा कागद न्या आणि त्यांच्या शाखेची जागा मोकळी ठेवा. लिहायला त्यांच्याच घरातल्या मुलाला पेन द्या.

यात्रेत गाव भरलेलं असतं, चुलीवरून उसंत नसते. झाड दाखवायला आणि ओळखी करून द्यायला तो दिवस उपयोगाचा नाही. त्याआधीच्या माघ-फाल्गुनात, सुगी आटोपल्यावर, एखाद्या रविवारी मूळ गावच्या देवळात तीन-चार घरांनीच जमा, नैवेद्य दाखवा, जेवा. वर्गणी ज्यानं त्यानं खुशीनं द्यावी, जमिनीचा विषय त्या दिवशी कोणी काढायचा नाही असं आधीच ठरवा. यात्रेचं आमंत्रण काका आणि आत्या ह्या दोघांच्या नावानं छापा, हुक्केरीकडं कानडीत, आणि तिकडं हातानं नेऊन द्या. मुंबईकरांना रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून यात्रेच्या तारखा त्यांना अडीच महिने आधी कळल्या पाहिजेत.